यमाचा दूत, शांतीचा दूत

शाळेतल्या मुलांना ‘शांती’ या विषयावर चित्र काढायला सांगा. दहांतली नऊ मुले एक पांढरेशुभ्र कबूतर काढतील आणि त्याच्या चोचीत हिरव्या पानांची डहाळी देतील. डहाळी कशाची, हे मात्र विचारू नका. कुणी आंब्याची म्हणेल, कुणी तुळशीची, आणि स्वयंपाकघरात लुडबुड करणारे एखादे पोर कढीलिंबाचीही म्हणेल! खरे म्हणजे ती डहाळी ऑलिव्हची. हे झाड आपल्यापैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिले असेल. पण चित्र असे अंगवळणी पडले आहे, की कबूतर म्हणजे शांती हे समीकरण आपल्याकडे वेदकाळापासून चालत आले असावे अशीच पुष्कळांची समजूत. एका स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी तसे छातीठोकपणे सांगितल्याचे मी या कानांनी ऐकले आहे.

वेदांत कबूतर आहे, हे खरे. पण ते कोणत्या रूपात आहे हे ऐकाल, तर सणासुदीच्या दिवसांत हा विषय काढला म्हणून माझ्यावर रागवाल.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १६५ वे सूक्त आहे. अवघ्या पाच ऋचा. एक कपोत घरात शिरला आहे, त्याने थेट अग्नीच्या स्थानापाशी पाऊल टेकले आहे आणि घरची माणसे भेदरून गेली आहेत. हा निर्ऋतीने, म्हणजे विनाशाच्या देवतेने, धाडलेला दूत आहे. ज्याचा हा दूत, त्या यमाला, त्या मृत्यूला आमचा नमस्कार असो. पंख फुटलेल्या या शस्त्राने आमच्या गाईंना आणि माणसांना इजा न होवो, अशी त्यांची विनवणी. सोबतीला घुबडही आहेच. पुढे आश्वलायन गृह्यसूत्राने तर नियमच घालून दिला, की कपोत घरावर आला तर हे सूक्त म्हणून होम करावा. म्हणजे आज ज्याला आपण शांतिदूत म्हणतो, तो दारात आला की आपले पूर्वज घरात ‘शांत’ करून घेत असत!

या भीतीचे मूळ कशात असेल? मला वाटते, पक्ष्याच्या सवयीतच ते आहे. पारवा हा मुळात कड्याकपारींचा रहिवासी. माणसाने बांधलेल्या भिंती, कमानी, सज्जे त्याला आयत्या कपारींसारखे वाटतात. जिथे माणसांची जाग असते तिथे तो बिचकून असतो. जाग संपली की आत येतो. आपण मात्र कार्यकारण उलटे लावले. घर ओस पडले म्हणून पारवे आले, असे न म्हणता पारवे आले म्हणून घर ओस पडले, असे म्हणू लागलो. ‘त्या वाड्यात आता पारवे घुमतात’ एवढे म्हटले, की त्या घराण्याचे पुढे काय झाले ते मराठी माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

बालकवींना हे फार चांगले ठाऊक होते. ‘फुलराणी’चा आणि आनंदीआनंदाचा हा कवी ‘पारवा’ लिहायला बसला, तेव्हा त्याने बाग किंवा निर्झर शोधला नाही. त्याने एक मोडकळीला आलेली धर्मशाळा निवडली आणि तिच्या छपरावर एकटाच घुमत बसलेला पारवा. कुठून आले असतील हे लोक, कुठे गेले असतील, असे वाटायला लावणारी ती पडकी जागा आणि तो न थांबणारा आवाज. खानदेशात १८९० साली जन्मलेले बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. वयाचे अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ती कविता वाचताना हे आठवू नये असे ठरवले तरी आठवतेच.

ओघात नावांचा घोळ उरकून टाकते. पारवा हा शब्द संस्कृत ‘पारावत’वरून आलेला, कबूतर हा फारसीतून आलेला पाहुणा. होला आणि कवडा हे त्यांचे रानातले, अंगाने सडपातळ भाऊबंद. महाराष्ट्राचा राज्यपक्षी म्हणून मान मिळालेली हिरवीपिवळी हरोळीही याच कुळातली. संस्कृत ‘कपोत’ या सगळ्यांना थोड्याफार फरकाने चालतो. तेव्हा पक्षिशास्त्रज्ञांनी मला माफ करावे. कथाकवितांत जिथे कपोत येतो तिथे तो नेमका कोणता, हा तंटा मी करणार नाही.

तर, शांतीची डहाळी आली कुठून?

बायबलातली नोहाची कथा बहुतेकांना ठाऊक असते. जलप्रलय ओसरू लागला, तेव्हा नोहाने तारवाच्या खिडकीतून आधी कावळा सोडला, मग कबूतर. पहिल्या खेपेला कबुतराला पाय टेकायला जागा मिळाली नाही, ते परत आले. सात दिवसांनी पुन्हा सोडले, तेव्हा संध्याकाळी ते ऑलिव्हचे कोवळे पान घेऊन आले. आणखी सात दिवसांनी सोडले ते परतलेच नाही. यात कुठेही युद्ध नाही, तह नाही. पानाचा अर्थ एवढाच, की पाणी उतरले, झाडांचे शेंडे वर आले. म्हणजे ते कबूतर शांतीचे नव्हते. ते जमिनीची बातमी घेऊन आलेले होते. १८७२ साली जॉर्ज स्मिथ या गृहस्थाने ब्रिटिश म्युझियममध्ये मातीच्या विटांवरची बाबिलोनी अक्षरे वाचली, तेव्हा कळले, की याहून जुन्या गिल्गमेशाच्या कथेतही प्रलयातून वाचलेला पुरुष पक्षी सोडतो: आधी कबूतर, मग पाकोळी आणि शेवटी कावळा. पण तिथे जमीन सापडल्याची खूण पटते ती परत न आलेल्या कावळ्यावरून! आपला मनूही प्रलयातून वाचला, पण त्याची नौका मत्स्याने ओढून नेली. पक्ष्याला विचारण्याची त्याला गरजच पडली नाही.

त्या पश्चिमेकडच्या मुलखात कबूतर आधी प्रेमदेवतांचे होते. इश्तार, मग ग्रीकांची आफ्रोदिती, मग रोमनांची व्हीनस, सगळ्यांच्या अंगाखांद्यावर कबुतरे. त्यांचे जोडीने राहणे आणि चोचीत चोच घालून चाललेले कौतुक पाहिले, तर हे मानाचे पद त्यांना का मिळाले ते सांगायला नको. ग्रीसमधल्या दोदोना या देवस्थानाची कथा हेरोडोटसने दिली आहे ती जास्त मौजेची. तिथल्या पुजारणी सांगत, की इजिप्तमधून उडालेले एक काळे कबूतर ओकच्या झाडावर बसून माणसाच्या वाणीने बोलले आणि देवस्थान सुरू झाले. हेरोडोटस पक्का चौकस. तो म्हणतो, कबूतर कसले? ती इजिप्तहून आणलेली सावळी बाई असणार. तिची परकी बोली लोकांना पाखराच्या कलकलाटासारखी वाटली आणि ती त्यांची भाषा शिकली, तेव्हा ‘पाखरू माणसासारखे बोलू लागले’! परप्रांतात नव्याने संसार थाटलेल्या कुठल्याही मुलीला हा तर्क पटेल.

पुढे यॉर्दन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पवित्र आत्मा कबुतराच्या रूपाने उतरला, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. रोमच्या भुयारी दफनभूमीत आद्य ख्रिस्ती लोकांनी डहाळीसह कबूतर रंगवले ते मृताच्या आत्म्याला लाभणाऱ्या शांतीसाठी. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’मुळे ही बायबलातली दुनिया मराठी ओवीत आली, ही आपल्या भाषेची केवढी श्रीमंती! इस्लामच्या परंपरेतही कबूतर आहे. ६२२ साली मक्केहून मदिनेला निघालेले पैगंबर सौर पर्वताच्या गुहेत लपले असता तोंडावर कोळ्याने जाळे विणले आणि कबुतरांच्या जोडीने घरटे केले. ते पाहून पाठलाग करणारे मागे फिरले, अशी कथा आहे. मक्केच्या पवित्र सीमेत कबूतर मारायला मनाई आहे.

राष्ट्राराष्ट्रांतल्या शांतीचे कबूतर मात्र अगदी अलीकडचे. १९४९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला शांतता परिषद भरायची होती. भित्तिपत्रकासाठी लुई आरागाँ या कवीने पाब्लो पिकासोच्या चित्रांतून एक शिळाछाप निवडला. त्यात एक पांढरे कबूतर नुसते बसलेले आहे. चोचीत काही नाही. डहाळी पिकासोने पुढच्या चित्रांत दिली. ते कबूतरही स्वर्गातून उतरलेले नव्हते, चित्रकार मातिसने त्याला भेट दिलेले होते. परिषदेच्याच सुमारास पिकासोला मुलगी झाली. तिचे नाव ठेवले पालोमा, स्पॅनिशमध्ये कबुतरी.

आणि योगायोग पाहा. त्याच १९४९ साली कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचे प्राण्यांच्या वागणुकीवरचे पुस्तक जर्मनमध्ये निघाले. त्यात त्याने लिहिले आहे, की होल्यांच्या दोन निरनिराळ्या जातींची जोडी जमवावी म्हणून एक नर आणि एक मादी त्याने एका पिंजऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो एकाने दुसऱ्याची पाठ चोचीने सोलून काढलेली. लांडगा हरलेल्या लांडग्याला सोडून देतो. या बिनदाताच्या, बिननखांच्या पाखराला मात्र थांबायचे कुठे ते कळत नाही, कारण मोकळ्या रानात हरलेला उडून जाऊ शकतो. पिंजऱ्यात त्याला जागा नसते. जगभरच्या भिंतींवर पांढरे कबूतर झळकत असताना हे पान कुणाला वाचायला सवड होती!

त्या बिचाऱ्या पांढऱ्या कबुतरांचे पुढे हालच झाले. १९८८ साली सोल ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ती सोडली, त्यांतली काही ज्योतीच्या कुंडाच्या काठावर जाऊन बसली आणि ज्योत पेटवली तेव्हा होरपळली. २०१४ च्या जानेवारीत व्हॅटिकनच्या खिडकीतून पोप फ्रान्सिस यांच्या शेजारी उभ्या मुलांनी दोन कबुतरे उडवली, तर सगळ्या जगाच्या देखत एक समुद्रपक्षी आणि एक कावळा त्यांच्यावर तुटून पडले. खुराड्यात वाढलेल्या पाखराला आपण अर्थ चिकटवून हवेत सोडतो. त्याला उडायचे कुठे, हे कोणी सांगितलेले नसते.

हे सगळे एकापुढे एक मांडले, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पश्चिमेकडचे कबूतर नेहमी काही तरी घेऊन येते: जमिनीची बातमी, देवाची वाणी, पवित्र आत्मा. आपल्या कथांतला कपोत मात्र येतो तो रिकाम्या चोचीने. तो मागतो. आणि बहुधा गृहस्थाकडेच मागतो.

पहिला कपोत भागवताच्या अकराव्या स्कंधातला. यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगणारा अवधूत यालाही गुरू मानतो, पण तो कसे वागू नये हे शिकवणारा. रानात झाडावर घरटे, प्रेमळ बायको, मग पिले. त्यांच्या मऊ पंखांचा स्पर्श आणि अर्धवट किलबिल, यांत आईबाप देहभान विसरलेले. पारध्याने जाळे टाकले, पिले सापडली. ती पाहून आई जाळ्यात गेली. दोघांना पाहून बापही विलाप करत आपण होऊन जाळ्यात पडला. पारधी खूश होऊन घरी गेला. याच स्कंधावर एकनाथांनी शके १४९५ मध्ये काशीत ‘भागवत’ पुरे केले आणि ते महाराष्ट्रात घरोघर वाचले गेले. आसक्तीचा परिणाम पाहा, असा त्या कथेचा रोख. तो मला मान्य आहे. तरीही पोरे जाळ्यात असताना कोणत्या बापाने फांदीवर बसून वैराग्याचा विचार करायचा, हे मला आजवर उमगलेले नाही.

हीच शंका बहुधा महाभारतकारांनाही आली असावी. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला दुसऱ्या कपोताची गोष्ट सांगतात. पारधी तोच, रान तेच. थंडीपावसाने गारठलेला पारधी झाडाखाली येऊन पडतो, त्याच्या पिंजऱ्यात कपोती अडकलेली आहे आणि वर तिचा नवरा तिच्यासाठी शोक करतो आहे. ती पिंजऱ्यातून नवऱ्याला सांगते, हा आपल्या दाराशी आलेला अतिथी आहे, याचा पाहुणचार करा. कपोत पालापाचोळा गोळा करतो, विस्तव आणून शेकोटी पेटवतो. पारधी म्हणतो, भूक लागली आहे. घरात काही नाही, म्हणून कपोत अग्नीला प्रदक्षिणा घालून स्वतःच त्यात उडी घेतो. एका ग्रंथात जो गृहस्थाश्रमाचा मूर्खपणा, तोच दुसऱ्यात गृहस्थाश्रमाचा कळस! दोन्ही आपलेच ग्रंथ, आणि आपण दोन्ही तितक्याच भक्तिभावाने ऐकतो.

तिसरा कपोत शिबी राजाच्या मांडीवर येऊन पडलेला. कथा कुठे शिबीची, तर कुठे त्याच्या बापाची, उशीनराची. कपोत म्हणजे अग्नी आणि पाठलाग करणारा ससाणा म्हणजे इंद्र, हे आपण लहानपणीच ऐकतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. पण लहानपणी एक भाग आपल्या कानांवरून निसटतो. ससाणा राजाशी वाद घालतो. तो म्हणतो, याला वाचवून तू पुण्य जोडतोस, पण माझे अन्न हिरावलेस. मी मेलो तर माझी बायकापोरेही मरतील. एका धर्माच्या आड दुसरा धर्म येतो तो धर्मच नव्हे. राजाला याचे उत्तर देता येत नाही. म्हणून तो तागडी मागवतो. कपोत एका पारड्यात, राजाच्या अंगचे मांस दुसऱ्यात. कपोत जडच राहतो, आणि अखेर राजा स्वतः पारड्यात चढून बसतो. लक्षात घ्या, ससाण्याची भूक खोटी आहे असे राजा म्हणत नाही. ती शेजाऱ्याच्या मांसावर भागव, असेही म्हणत नाही.

गाण्यांतला कबूतर मात्र सुखी आहे. तिथे त्याला एकच काम: निरोप पोचवणे. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्ये लता मंगेशकर आणि बालसुब्रह्मण्यम् यांच्या आवाजांत तो चिठ्ठी घेऊन उडाला, आणि तेव्हाची सगळी कॉलेजे त्याच्या मागोमाग उडाली. व्यवहारातली अडचण अशी, की निरोप्या कबूतर फक्त आपल्या घरी परत जाते. भलत्याच्या पत्त्यावर जात नाही. म्हणजे नायकाला चिठ्ठी धाडायची, तर त्याच्या घरचे कबूतर आधी नायिकेकडे आणून ठेवायला हवे! ओरिसाच्या पोलिसांनी १९४६ पासून अशी कबुतरे पाळली आणि १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी संबळपूरहून कटकला त्यांच्याकरवी निरोप धाडला होता.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ते इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराचे ‘ला पालोमा’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रचलेले हे गाणे क्युबाच्या हाबानेरा नाचाच्या ठेक्यावर आहे आणि ते जगभर गेले. दर्यावर निघालेला प्रियकर मागे राहिलेलीला सांगतो, की तुझ्या खिडकीशी कबूतर आले तर त्याला प्रेमाने वागव. तो मीच असेन.

आता या खिडकीचीच तर सारी पंचाईत आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईचे कबुतरखाने बंद करायचे ठरले. दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, निदर्शकांनी ऑगस्टमध्ये ती ओढून काढली, उच्च न्यायालयात वाद चालला. एका बाजूला जीवदयेची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. दुसऱ्या बाजूला छातीचे डॉक्टर. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिली, तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि पुढे त्यांत वण पडून ती आखडतात. वाळलेले फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. वर्तमानपत्रांतली पत्रे वाचताना मला सारखा तो ससाणा आठवत होता. दाणे टाकणारा हात एकाचा आणि खोकला दुसऱ्याचा, अशी तागडी शिबीच्या दरबारात चालली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी आमच्या घरातही बोलून दाखवले, आणि दोन दिवस घरात चहासुद्धा मुकाट्याने प्यायला गेला.

कारण आमच्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. गेली तीस वर्षे सकाळी आंघोळ झाली, की मूठभर ज्वारी स्वयंपाकघरामागच्या सज्जात टाकायची हा त्यांचा नेम. आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंना मागच्या वर्षी तोच आजार निघाला. कोरडा खोकला, दोन जिने चढले की धाप. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: घराजवळ कबुतरे आहेत का?

सासूबाईंना हे सांगायचे कुणी, यावर आमच्याकडे पुष्कळ खल झाला. शेवटी काकू स्वतःच येऊन बसल्या आणि सांगितले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ज्वारीचा डबा फडताळात वरच्या खणात गेला. दोन्ही घरांच्या सज्जांना मिळून नायलॉनची जाळी लावायचे ठरले. भागवतातला पारधी जाळे टाकायचा तो पारव्यांना आत घेण्यासाठी. आम्ही जाळ्याच्या आत बसणार होतो आणि पारवे बाहेर.

जाळीवाला माणूस शिडी घेऊन आला आणि वरूनच ओरडला, “ताई, इथं पंपामागं अंडी आहेत. दोन.”

सासूबाई उठून दारापर्यंत आल्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. काकू आपल्या बाजूच्या दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनीच त्याला विचारले, “किती दिवस लागतात रे?”

“अंडी फुटायला अठरा दिवस. उडायला वर महिना धरा.”

“मग दीड महिन्यानं ये,” काकू म्हणाल्या. “मी तोवर नाशिकला लेकीकडं जाऊन येते. कधीची बोलावतेय ती.”

सासूबाईंनी त्यांच्यासोबत डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. जाळीवाल्याला आगाऊ पैसे देऊन ठेवले आहेत. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो यायचा आहे.